तुम्ही विचारलंत म्हणून: बाजारात जाऊन आलं की बरं का वाटतं?

मी मानसशास्त्र शिकवते हे कळलं, की लग्नात असो वा एसटीत, एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, बाजारात जाऊन आलं की एवढं बरं का वाटतं हो?" विचारणारी बहुतेक बाईच असते, आणि विचारताना ओशाळलेली असते. ओशाळण्यासारखं यात काहीच नाही, हे मी आधी सांगते.

सुख वस्तूपेक्षा निवडण्यात जास्त असतं. मिशिगन विद्यापीठातल्या स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी लोकांना आधी उदास करणारी चित्रफीत दाखवली. मग काहींना सांगितलं, समोरच्या वस्तूंतून तुम्ही काय घ्याल ते निवडा. बाकीच्यांनी त्याच वस्तू प्रवासात कितपत उपयोगी पडतील एवढंच ठरवायचं होतं. निवडणाऱ्यांची उदासी जास्त ओसरली, आणि तेही खिशातला एक पैसा न जाता! उदास माणसाला आपल्या हातात काहीच उरलं नाही असं वाटत असतं. 'हे हवं, ते नको' म्हणताना थोडं काही हातात येतं. राग मात्र खरेदीने निवत नाही, असंही त्यांना दिसलं.

आता आपल्याकडे बघा. कापसाचा भाव आपण ठरवत नाही. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे वादळ आलं की उभ्या केळीबागा आडव्या होतात. घरात तर सुनेच्या वाट्याला ठरवण्यासारखं आणखीच कमी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक कासारापुढे बसते तेव्हा बघा. एक हिरवी बांगडी उजेडात धरते, खाली ठेवते, त्याहून जरा गडद मागते, बहिणीच्या मनगटाशी लावून पाहते, पुन्हा पहिलीच उचलते. बाहेर भाऊ मोटारसायकलचा हॉर्न वाजवत असतो. मला तो हॉर्न खरोखर सहन होत नाही. वर्षभरात कोणी न विचारलेली तिची पसंती तिथे विचारली जात असते.

वाट पाहण्यातही सुख आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दिवा लागला की फळाचा रस मिळतो हे माकडांना कळल्यावर मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी रस मिळताना नव्हे, दिवा लागतानाच उसळायच्या. बस्त्याला जायचं ठरल्यापासून घरात जो उत्साह असतो, तो असाच. साडी कपाटात गेली की तो उतरतो, आणि त्यात साडीचा दोष नसतो.

काळजी वाटते ती फोनवरून पैसे देण्याची. किंमत जास्त वाटली की मेंदूतला एक वेगळा भाग जागा होतो, हे मेंदू-संशोधक ब्रायन नटसन यांच्या 2007 च्या अभ्यासात दिसलं. नोटा मोजून देताना ते टोचणं जाणवतं. कोड स्कॅन करताना फारसं जाणवत नाही. पिशव्या लपवाव्या लागत असतील, उसनवारी वाढत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, लाजू नये.

बाकीच्यांना मी सांगते, ठरवलेली रक्कम रोख घेऊन जा आणि निवडायला हवा तेवढा वेळ घ्या. घाई करणाऱ्याला सोबत नेऊ नका.