पत्र्याची वीज

गेल्या रविवारी आईला घेऊन गडकरीला गेले होते, साडेचारच्या प्रयोगाला. ठाण्यात ‘गडकरीला’ म्हटलं की पुरतं, पुढे ‘रंगायतन’ जोडणारा बहुधा पाहुणा असतो. तिसरी घंटा झाली. मागोमाग ती नेहमीची घोषणा: मोबाइल बंद ठेवा, लहान मुलं रडल्यास त्यांना बाहेर घेऊन जा, रसभंग होतो. पडदा वर गेला. जुना वाडा, कंदील, बाहेर पाऊस. नायिका जिन्याखालच्या दाराच्या कडीकडे हात नेते. सगळं थिएटर चिडीचूप. मागच्या रांगेतला खोकणाराही थांबलेला.

आणि धडाम्!

वीज होती म्हणे. मला वाटलं छप्परच आलं खाली. पायापाशी ठेवलेली पाण्याची बाटली माझ्याच लाथेने आडवी झाली आणि खुर्च्यांखालून उताराने टकटक वाजत पार पुढच्या रांगेपर्यंत गेली. मागे एक दोन-तीन वर्षांचं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. त्याच्या बिचाऱ्या बापाने घोषणेचा मान राखून त्याला उचललं आणि वाकून वाकून बाहेर नेलं. रसभंग नक्की कोणी केला, याची चौकशी झाली नाही.

मी जात्याच दचकी आहे, हे आधी कबूल करते. कुकरची तिसरी शिट्टी होणार हे दुसरीपासून ठाऊक असतं, तरी तिसरीला हातातला चमचा उडतो. वाढदिवसाला फुगे लावले असतील तर मी केकपासून लांब, दाराशी उभी. नाटकात कोणी टेबलाच्या खणातून पिस्तूल काढलं रे काढलं, की माझी दोन्ही बोटं कानात. पुढचं सगळं नाटक मूकपट. एकदा ते पिस्तूल शेवटपर्यंत उडालंच नाही आणि मी अख्खा दुसरा अंक तशीच बसून काढला. नवऱ्याने तेव्हापासून माझ्याबरोबर रहस्यमय नाटकाला येणं सोडलं.

यात माझा काही इलाज नाही. मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटायला लागतात, मागोमाग मान खांद्यांत जाते. ‘अगं, खोटी वीज आहे ती’ हे डोक्यापर्यंत पोचेस्तोवर बाटली निघालेली असते.

पण आमच्या लहानपणी विजेने कोणी दचकत नसे. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत गणपतीत नाटक व्हायचं आणि नाटकातले सगळे आवाज बाबांकडे असायचे. त्यांना काम द्यायचा प्रयत्न एकदा झाला होता, पण स्टेजवर गेल्यावर ते प्रेक्षकांत कोण कोण आलंय ते मोजत बसले. मग त्यांना विंगेत धाडलं. तिथे ते राजा. पुरुषभर उंचीचा पत्रा बांबूला सुतळीने टांगलेला, खालच्या कडेला धरायला लाकडी पट्टी ठोकलेली. पट्टी धरून हळूहळू हलवली की लांबवर कुठेतरी गडगडायचं, मनगटाला एकच हिसका दिला की वीज डोक्यावर. सुपात ज्वारी गोल फिरवली की पाऊस. त्यासाठी आईचं चांगलं सूप जायचं आणि ती महिनाभर त्याचा उद्धार करायची. घोड्याला नारळाच्या दोन करवंट्या. गोळीसाठी एक फळी, एका टोकावर पाय दाबायचा, दुसरं टोक दोरीने उचलायचं आणि सोडून द्यायचं. मी आठ वर्षांची, बाजूला पाटावर बसून त्यांच्या वहीवर बॅटरी धरायचे. वहीत संवाद नसायचेच. ‘ती मागे वळते – वीज’, ‘पत्र फाडतो – लांबची वीज’, ‘मेला – थांब’ असं काहीबाही. ‘थांब’ कशाला ते मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, “माणूस गेल्यावर लगेच आवाज करू नये.”

तो पत्रा मात्र गुपित राखणारा नव्हता. बाबांनी पट्टीला हात लावला की आधी जरासा कुरकुरायचा. पुढे सतरंजीवर बसलेली पोरं त्या कुरकुरीवर टपूनच असायची. “आली, आली वीज!” आणि मग वीज यायची. टाळ्या पडायच्या. काहींनी तर आधीच कानांवर हात ठेवून, डोळे मोठ्ठे करून बसायचं, मजा म्हणून.

पुढे कधीतरी वाचलं, की मोठ्या आवाजाच्या जेमतेम दशांश सेकंद आधी एखादा बारीकसा आवाज कानावर पडला, तर माणूस कमी दचकतो. प्रयोगशाळेत मोजलेलं आहे हे. मला लगेच पत्रा आठवला. नंतर कॅसेट आली, तीही बटण दाबल्यावर खट् करायची, स्पीकर सूं करून घसा खाकरायचा, मग वीज. आता सगळं लॅपटॉपवर. पाऊल न वाजवता मागून येतं आणि भॉक् करतं.

सगळा दोष यंत्राचाही नाही. जिथे लेखकाला वाक्य सुचत नाही तिथे हल्ली ढँण्ण् ठेवतात, असा माझा जुना संशय आहे. मालिकांनी सवय लावली. सुनेने चहात साखर जास्त घातली तरी तीनदा ढँण्ण्, तीन बाजूंनी चेहरा. तिथे निदान रिमोट आपल्या हातात असतो.

अर्थात जुनं ते सगळं बरं होतं असंही नाही. लंडनच्या ग्लोब थिएटरात २९ जून १६१३ला शेक्सपिअरच्या नाटकात राजाच्या आगमनाला खरी तोफ उडवली. ठिणगी गवती छपरावर पडली आणि तासाभरात अख्खं थिएटर खाक. माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली, एकाच्या विजारीने तेवढा पेट घेतला होता, ती बाटलीतली बिअर ओतून विझवली. आवाजाची हौस म्हणजे किती! त्या मानाने माझी बाटली स्वस्तात सुटली. मध्यंतरात एका आजोबांनी ती परत आणून दिली, “तुमचीच ना?” म्हणून. पूर्ण रांग माझ्याकडे बघत होती.

बटाटेवडा खातानाही माझी धुसफूस चालू होती. प्रयोग संपल्यावर तलावपाळीवर बाकावर बसलो, तरी मी तेच. व्यवस्थापकाला सांगायला हवं होतं, वयस्कर माणसं असतात, कोणाला काही झालं असतं म्हणजे, वगैरे. आई तलावातल्या होड्यांकडे बघत होती. तिचं कानाचं मशीन घरी खणात. फार खरखरतं म्हणून ती ते लावत नाही, हे मला माहीत होतं. पण ती दोन तास शेजारी बसून सगळ्यांबरोबर हसली होती, त्यामुळे माझ्या लक्षातूनच गेलं होतं.

“वीज छान होती,” आई म्हणाली.

“छान काय, अगं? जीव गेला असता माझा.”

“बाकी काही ऐकूच येत नव्हतं बाई. कोण कोणाला काय म्हणत होतं कोण जाणे. वीज तेवढी स्वच्छ आली.”

मग थोड्या वेळाने, “पत्र्याची नव्हती पण.”

काल पुढच्या नाटकाचा प्लॅन उघडला. ऑनलाइनही मिळाली असती तिकिटं, पण खिडकीवर गेले आणि स्पीकर कुठल्या बाजूला असतात ते विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, “लांबची देतो, काळजी नको.”

“लांबची नकोत. जवळची द्या.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि चार्टवर डावीकडचा कोपरा दाखवला. दोन घेतली. माझ्यापुरता कापूस नेईन.