खालची तारीख बघून फसले

लेकीच्या हिस्ट्री प्रोजेक्टसाठी मला फक्त एक जाहिरात हवी होती. अमेरिकेतल्या नॉरफोक शहराच्या 'अमेरिकन बीकन' पेपरातली, १८३५ ची. गुलामगिरीतली हॅरिएट जेकब्स पळाली म्हणून तिच्यावर मालकी सांगणाऱ्या डॉ. जेम्स नॉरकॉमने पकडून देणाऱ्याला १०० डॉलर लावले होते, ती. शाळेच्या हँडआउटवर टाइप केलेला मजकूर होता, पण टीचरला मूळ पेपरचा फोटोच पाहिजे.

एका लायब्ररीचा मायक्रोफिल्म (जुन्या पेपरांच्या फिल्मची रिळं) स्कॅनचा फॉर्म भरला. तारीख टाकली ३० जून, कारण मजकुराखाली तीच होती. आठवड्याने मेल आला, या अंकात नाही, रिक्वेस्ट क्लोज. अरे, रीळ मशीनवर लावलंच आहे तर पुढचे दोन अंक बघायला काय होतं! फोन केला तर काउंटरवरची बाई म्हणे एका फॉर्मवर एकच तारीख, नवीन टाका. अंदाजाने पुढची टाकली, पुन्हा आठवडा, पुन्हा नाही. फीसुद्धा पुन्हा. मी इतकी वैतागले की लेकीला म्हटलं दुसरा विषय घे.

मग रात्री एकदम ट्यूब पेटली. ३० जून ही नॉरकॉमने आपल्या गावी, एडेंटनला बसून जाहिरात लिहिल्याची तारीख, पेपरची नव्हेच! तिथून नॉरफोकला जाऊन छापून यायला दिवस लागणारच की. निघाली ४ जुलैच्या अंकात, म्हणजे ऐन अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. तर खालच्या तारखेवर जाऊ नका, पुढचे अंक मागा. आणि हो, राहिलंच, ऑनलाइन सर्चमध्ये नुसतं 'स्लेव्ह' टाकून ही सापडत नाही, कारण त्याने लिहिलंय 'माझी सर्व्हंट गर्ल'. त्यातही 'माझी' कसली, कागदोपत्री ती त्याच्या मुलीच्या नावावर!

स्कॅन आला तेव्हा दोघींनी मोठ्याने वाचला. वय २१, उंची ५ फूट ४ इंच, बोलायला चटपटीत, शिवणकामात हुशार म्हणून कपडे चांगले घालते, बहुतेक नॉर्थला (गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांत) जाईल. हा नॉरकॉम तिला शोधायला पार न्यूयॉर्कला गेला, आणि ती एडेंटनमध्येच आजीच्या माळ्यावर, जेमतेम ३ फूट उंचीच्या जागेत, जवळजवळ ७ वर्षं. १८४२ मध्ये जहाजाने फिलाडेल्फियाला निसटली. लेक टेप घेऊन टेबलाखाली ३ फूट मोजत बसली.

पहिल्या दोन फी परत मिळतील का विचारलं, तर त्याचा फॉर्म वेगळा आहे म्हणे.