दोन फेब्रुवारी आणि चापडगावचा मनोरा

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाइतकंच अप्रूप होतं दोन फेब्रुवारीचं, जागतिक पाणथळ दिनाचं. इराणमधल्या रामसरला १९७१ साली याच तारखेला पाणथळ जागांचा करार झाला, हे पाठ असायचं. पण आमच्यासाठी तो दिवस म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. निफाडची बोचरी थंडी, कानटोप्या, डब्यात बाजरीची भाकरी नि ठेचा, कुणाच्या तरी मळ्यातून आलेली द्राक्षं. चापडगावच्या मनोऱ्यावर चढायला ही रांग!

सर सुरुवात बंधाऱ्यापासून करायचे. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात तो बांधला. पुढे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. साठवण घटली, पण पक्ष्यांचं फावलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. कालव्याला पाणी सोडलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि लांब पायांचे शेकाटे त्यात चोची खुपसत हिंडतात, हे आम्ही तिथेच पाहिलं.

दुर्बीण हातात आली की सगळ्यांना चक्रवाकच हवे असायचे. मी मात्र जांभळ्या पाणकोंबडीवर खिळायचो. ती देठ उपटते, पायाच्या लांब बोटांत धरते आणि चोचीने सोलून आतला गर खाते. चमचे पक्षी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकायचे, ते बघताना मागची रांग ओरडायची.

तेव्हा गावातले गाईड काका दटावायचे, "पोरांनो, आवाज नको. थवा उठला की त्यांनी खाल्लेलं उडण्यातच जातं. त्यांना उन्हाळ्यात परत लांब जायचंय." काकांना पुस्तकाची गरज नसे, उडण्याच्या ढबीवरून पक्षी सांगायचे.

एका वर्षी सहावीतल्या मुलीने विचारलं, "सर, आमच्या द्राक्षांवरच्या फवारणीचं पाणी इथेच येतं का?" सर म्हणाले, "पावसात वाहून येतं गं, येतंच." बागायतदारांची आम्ही पोरं गप्प झालो. मला तो प्रश्न त्या सगळ्या मेळाव्यांतला सर्वात मोलाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी घराघरांत औषधांच्या रिकाम्या बाटल्या नाल्यात टाकण्यावरून वाद झाले.

जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे त्या कराराच्या यादीतली पाणथळ जागा, म्हणून नांदूर मध्यमेश्वरचं नाव जाहीर झालं, तेव्हा आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दिवाळी होती. तुम्हीही जा. उजाडायच्या आत पोहोचा, भडक कपडे नकोत, आणि गाईड गावातलाच घ्या.