तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना सलाईन का नाही लावलं

"घरी आणलं ते ठीक, पण साधं सलाईन तरी लावायचं ना?" बाबांना जाऊन दोन वर्षं झाली तरी कोणी ना कोणी विचारतंच. तर ऐका, लावलं होतं. मीच हट्ट धरून लावायला लावलं होतं.

फुप्फुसाच्या कॅन्सरची केमो थांबली होती. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरबाईंनी समजावलं होतं की माणूस खात नाही म्हणून जात नाही, जायला लागलाय म्हणून त्याचं खाणं सुटतं. तिथे मान डोलावली, आणि घरी बाबांनी तिसऱ्या दिवशीही चमचा तोंडाला लावू दिला नाही तेव्हा मीच रडत फोन केला की उपाशी कसं ठेवू. त्या म्हणाल्या लावून बघू, त्रास झाला तर काढू.

दुसऱ्या रात्री घशात घरघर सुरू झाली. पाय आधीच सुजलेले, बोट दाबलं की खड्डा पडायचा, आता सुईचा हातही फुगला आणि तो हात ते झोपेतच सारखा चादरीवर घासत होते, म्हणजे जे पाणी मी जीव वाचवायला देत होते ते त्यांच्यात नुसतं साठत होतं. नर्स म्हणाली, "ताई, बंद करू?" मी म्हटलं थांबा. वीस मिनिटं थांबवलं तिला, फक्त 'बंद करा' हे माझ्या तोंडून जायला नको म्हणून. ती वीस मिनिटं बाबांसाठी नव्हती.

मग काढलं, कुशीवर वळवलं, सकाळपर्यंत घरघर कमी झाली.

आणि मॉर्फिनने लवकर गेले का? नाही. योग्य मात्रेत ते दुखणं आणि श्वासाची घुसमट कमी करतं, जीव घेत नाही. हे पाठ असूनही दर डोसला माझा हात थरथरायचा.

राग येतो तो उशिराचा. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे, म्हणजे बाबांसारखेच पेशंट होते, ज्यांना सुरुवातीपासून उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली ते साधारण ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. मी मात्र तो शब्द निघाला की विषय बदलायचे, मला वाटायचं आपण हार मानतोय. बाबांना काय हवंय हे विचारायचं राहिलं ते त्यातच.

शेवटचे दोन दिवस ओल्या स्पंजने ओठ पुसत होते. एकदा त्यांनी तो ओठांत धरून चोखला. डॉक्टर म्हणाल्या, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, तहान नव्हे. असेल. मी पुन्हा स्पंज भिजवला, पण परत नाही धरला त्यांनी.