तात्या, गादी आणि समोरचं पाडकाम

तात्या आमच्या गादीवर मुतायला लागला, तेव्हा बिल्डिंगमधल्या प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. समोरच्या काकू म्हणाल्या, बोके डूख धरतात. तुम्ही दिवाळीत त्याला शेजारी ठेवून गावाला गेलात ना, त्याचं उट्टं काढतोय. वॉचमनचं म्हणणं, बाहेर सोडा, आपोआप वळणावर येईल. माझ्या नवऱ्याच्या मते तो फक्त लाडावला होता. तात्या म्हणजे आमचा बोका. चार वर्षांचा, नसबंदी झालेला, पहिल्यापासून घरातच वाढलेला. पिल्लू होता तेव्हापासून शी-शूसाठी माती भरून ठेवलेला ट्रे सोडून कुठे गेला नव्हता. डोंबिवलीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही चार माणसं आणि तो.

मला सूडाची गोष्ट पटत नव्हती, कारण त्याला दुखत होतं हे दिसत होतं. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसायचा, घशातून बारीक आवाज काढायचा, आणि उठला की खाली जेमतेम चार थेंब. पोट सारखं चाटायचा, इतकं की तिथले केस विरळ झाले होते. एकदा बाथरूमच्या पांढऱ्या लादीवर पडलेले थेंब गुलाबीसर दिसले. त्याच संध्याकाळी पिशवीत घातल्यासारखा बास्केटमध्ये कोंबून, रिक्षाने डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरांनी आधी काहीच विचारलं नाही, पोट चाचपलं. "मऊ आहे. तुंबलेला नाही. आता सांगा काय काय झालं ते."

मांजर पाळणाऱ्या, त्यातही बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. सुजेमुळे, किंवा आत साचलेल्या चिकट गाळामुळे ती पूर्ण बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत जीव जातो, कधी त्याहून लवकर. ट्रेमध्ये कण्हत बसलाय आणि एक थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोन वाजता निघायचं. घरी आल्यावर आम्ही रात्री उघडे असणारे जवळचे दवाखाने शोधून त्यांचे नंबर फ्रीजवर लावले. सासूबाईंना मुंबईतल्या परळच्या बैलघोडा हॉस्पिटलखेरीज जनावरांचं दुसरं हॉस्पिटल माहीत नव्हतं. डोंबिवलीहून रात्री परळ गाठायचं म्हणजे काय, या विचारानेच त्या रात्री कुणी नीट झोपलं नाही.

लघवीचा नमुना सोनोग्राफीत बघत पोटातून सुईने काढला, म्हणजे त्यात बाहेरची घाण मिसळत नाही. रिपोर्टमध्ये रक्त होतं, जंतू नव्हते, खडे नव्हते. मी अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळेल म्हणून हात पुढे केला, तर डॉक्टर म्हणाले, गरज नाही. तरुण मांजरांत मूत्राशयाला जंतुसंसर्ग क्वचितच होतो. ही सूज वेगळी. मेंदूवर ताण आला की त्याचे संदेश मूत्राशयापर्यंत पोचतात, आतलं अस्तर हुळहुळं होतं, रक्त येतं, दुखतं. ट्रेमध्ये गेलं की दुखतं, म्हणून मांजर ट्रेलाच घाबरतं आणि मऊ जागा शोधतं. गादी मऊ असते.

नंतर मी यावर बरंच वाचलं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्यावर कित्येक वर्षं काम केलं. तिथे असं दिसलं, की माणसं बदलली, जेवणाची वेळ चुकली, दिनक्रम विस्कटला, की आजारीच काय, धडधाकट मांजरंही उलट्या करतात, खाणं सोडतात, ट्रेबाहेर जातात. आणि राहायची जागा त्यांच्या मनासारखी, ठरल्या वेळच्या व्यवहाराची केली, की आजारी मांजरांची लक्षणं कमी होतात. हे वाचल्यावर नवऱ्याचं "लाडावलाय" बंद झालं.

दुखणं कमी करायचं औषध मिळालं. त्यासोबत एक ताकीद: घरातली पॅरासिटामॉल चुकूनही द्यायची नाही. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही. एक गोळी जीव घेते. त्याच यकृताच्या दोषामुळे घरातलं काळं फिनेलही बंद झालं. आम्ही तर तात्याने घाण केली की त्या जागी आणखी दोन झाकणं फिनेल ओतत होतो.

डॉक्टरांनी मला वही घालायला सांगितली. कुठे, किती वाजता, आडव्या जागेवर की उभ्या भिंतीवर, आणि त्याच्या आधी घरात काय चाललं होतं. आडवं-उभं विचारण्याला कारण होतं. बसून सपाट जागी केली तर ती लघवी; उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारली तर ती हद्दीची खूण. नसबंदी झालेल्या बोक्यांतही साधारण १० टक्के बोके फवारतात. वही भरत गेली तसं कळलं, की तात्या दोन्ही करत होता. गादीवर, पायपुसण्यावर, मुलीच्या दप्तरावर लघवी. आणि गॅलरीच्या दाराशेजारी, भिंतीवर, बरोबर वीतभर उंचीवर, फवारे.

जुने डाग शोधायला यूव्ही टॉर्च मागवली. रात्री दिवे घालवून सासूबाई आणि मी घरभर फिरलो. मांजराची लघवी त्या उजेडात पिवळट हिरवी चमकते. साबणाचे डागही चमकतात, त्यामुळे धुणं वाळत घातलेली खोली दिवाळीसारखी दिसत होती आणि प्रत्येक डाग वाकून हुंगावा लागत होता. सासूबाई हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या: "हा रिनचा. हा त्याचा." सापडलेल्या जागा आधी पाण्याने टिपून, मग एन्झाइमवालं क्लीनर टाकून ओल्याच ठेवल्या. ब्लीच मुद्दाम टाळलं. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो.

उत्तर गॅलरीत होतं. जुना मोबाइल कुंडीला टेकवून रात्रभर गॅलरीकडे तोंड करून ठेवला. पहाटे पावणेपाचच्या सुमारास ग्रिलबाहेरच्या छज्ज्यावर एक दांडगा पिवळा बोका येऊन बसला. आत काचेपाशी तात्या, अंग फुगवून. दोघं कितीतरी वेळ एकमेकांकडे बघत होते. मग पिवळ्याने ग्रिलवर फवारा मारला आणि गेला. तात्याने मागे वळून भिंतीवर मारला. आणि नंतर आत, आमच्या झोपलेल्या पायांपाशी, गादीवर जाऊन बसला.

हा पिवळा आला कुठून, हेही उघड होतं. समोरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. इमारत पाडायला सुरुवात झाली तेव्हा तिथल्या जिन्याखालची, पंपघरातली सगळी मांजरं बेघर होऊन आमच्या कंपाउंडमध्ये आली. म्हणजे तात्याच्या बाजूने पाहिलं, तर सकाळी नऊपासून ब्रेकरचा धडधडाट आणि पहाटे दारात शत्रू. वहीतल्या तारखा पाडकामाच्या तारखांशी जुळत होत्या. गावाला जाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. काकूंना मी हे मुद्दाम जाऊन सांगितलं.

गॅलरीच्या काचेला खालच्या अर्ध्या भागात दुधी फिल्म चिकटवली. बाहेरचा बोका दिसेना. फवारे पहिल्या आठवड्यातच कमी झाले. घरातल्या सगळ्या बदलांत स्वस्त हाच आणि गुणकारीही हाच.

ट्रेचं प्रकरण जास्त वेळखाऊ. आमचा एकच ट्रे, झाकणवाला, तोही बाथरूममध्ये वॉशिंग मशिनशेजारी. मशिन पिळायला लागलं की जमीन हादरायची, आणि झाकणामुळे पळायला एकच वाट. नियम असा, की जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी. ट्रेची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट हवी. दुकानातले ट्रे इतके मोठे नसतात. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून दोन मोठे प्लास्टिकचे टब आणले, एका बाजूने कापून दार केलं. लॅव्हेंडरच्या वासाची माती बंद, साधी बिनवासाची सुरू. एक टब हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आला. पाहुण्यांना काय वाटेल, यावर घरात दोन दिवस अबोला झाला. टब तिथेच आहे.

पाण्याची भांडी खाण्यापासून लांब, तीन ठिकाणी. कोरड्या खाण्यात रोज थोडं ओलं, म्हणजे पोटात पाणी जास्त जातं आणि लघवी पातळ राहते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. संध्याकाळी पीस लावलेल्या काठीमागे धावून झालं की लगेच खाणं, कारण शिकारीनंतर जेवण हा मांजराचा क्रम. आणि माळा. आमच्या बेडरूमच्या माळ्यावर लग्नातल्या पातेल्यांपासून मुलीच्या पाळण्यापर्यंत सगळं होतं. त्यातला एक कोपरा रिकामा केला, कपाटावरून चढायला पाट ठोकले, जुनी गोधडी अंथरली. उंचावरून सगळं दिसतं आणि मागून कुणी येत नाही, म्हणून मांजराला तिथे सुरक्षित वाटतं. ब्रेकर सुरू झाला की तात्या आता तिथे जातो. साइटवरच्या सुपरवायझरला विचारून आम्ही ब्रेकरची वेळ आधीच माहीत करून घ्यायचो, आणि त्याच्या आधी दार लावून, पंखा आणि रेडिओ लावून ठेवायचो.

मांजरांना शांत करणाऱ्या वासाचं यंत्रही प्लगला लावून पाहिलं. महाग आहे. आम्हाला फरक जाणवला नाही, दुसरी बाटली आणली नाही.

यानंतर रक्त थांबलं, फवारे जवळपास थांबले. पण ज्या दिवशी पाया खणायचं मशिन चाले, त्या दिवशी गादी ओली व्हायचीच. तेव्हा डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन सुचवलं. माणसांना नैराश्यासाठी देतात तेच, फार छोट्या मात्रेत. आधी यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. नवरा म्हणाला, "मांजराला डिप्रेशनची गोळी? लोक हसतील." सासूबाई पोळ्या लाटत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मला नाही लागत का झोपेची, या खणणाऱ्यांपायी? माझ्यावर कोण हसतं?" विषय मिटला.

केमिस्टने चिठ्ठी वाचली. "पेशंटचं वय?"
"चार."
त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईने मोबाइलवर तात्याचा फोटो दाखवला. मग त्याने दुकानातल्या पोऱ्यालाही बोलावून दाखवला.

गोळी कडू असते, जिभेला लागली की फेस. ती खाण्याच्या पेस्टमध्ये गुंडाळून द्यायची आणि मागोमाग सिरिंजने थोडं पाणी, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसू शकते. सुरुवातीला भूक मंदावली. तेवढ्यावर डॉक्टरांना फोन केला. मांजर सलग दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर यकृतावर येतं, त्यामुळे याकडे लक्ष ठेवावंच लागतं. गोळीचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो. मध्येच आपल्या मनाने बंद करायची नाही, हळूहळूच उतरवायची. तात्या सुस्त पडेल अशी भीती होती, तसं झालं नाही. फक्त मशिनच्या आवाजाने जो दचकून पळायचा, तो आता कान हलवून बसून राहायला लागला.

या काळात घरी येणाऱ्या बहुतेकांनी एक तरी सल्ला दिला. नाक घासा, पाणी मारा, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवा. घाबरलेल्याला आणखी घाबरवल्याने मूत्राशय कसं सुधारणार, हे मला कुणी समजावून सांगू शकलं नाही.

पिवळ्याचाही बंदोबस्त लागला. मांजरांना खायला घालणाऱ्या पलीकडच्या विंगमधल्या ताईंनी एका संस्थेकडून त्याची नसबंदी करून आणली. दहापैकी नऊ बोक्यांचं फवारणं त्याने थांबतं किंवा खूप कमी होतं. शिवाय त्यांनी खायला घालायची जागा आमच्या गॅलरीखालून हलवून मागे पंपघराशी नेली. त्यासाठी मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने बोलावं लागलं, ते मी बोलले.

तात्याची गोळी आता निम्मी झाली आहे. घरी मुक्कामाला पाहुणे आले की अजूनही एखादी चूक होते, म्हणून गादीवर वॉटरप्रूफ चादर कायमची आली. बास्केट वर्षभर हॉलमध्ये उघडी असते, आत त्याची गोधडी, त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना आता झटापट नाही.

आता मात्र आमच्याच सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलंय. डॉक्टरांनी आतापासून सांगून ठेवलंय: नव्या घरात पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, जुने टब न्या, गोधडी धुऊ नका, गोळी तोपर्यंत कमी करू नका. नवरा भाड्याची घरं बघत फिरतोय. एजंट विचारतो, पार्किंग हवं का, लिफ्ट हवी का. हा विचारतो, माळा आहे का.