नौरोज अकॉर्ड: गुलाब आणि केशर बाहेर

इराणी वसंत म्हटला की अत्तरात गुलाब आणि केशर सर्रास पडतात. माझ्या नौरोज अकॉर्डच्या, म्हणजे अनेक घटकांतून रचलेल्या एकसंध वासाच्या, फॉर्म्युल्यातून मी या महिन्यात दोन्ही काढले, कारण त्यांचा हंगामच वेगळा आहे. नौरोज, म्हणजे इराणी नववर्ष, येतो वसंतसंपाताला, २१ मार्चच्या आसपास. खोरासानचं केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खुडतात. काशानजवळच्या कमसरचा गुलाब फुलतो मे महिन्यात, म्हणजे नौरोजला घरात करतात त्या मांडणीत गुलाबपाणी असलंच तर ते आदल्या हंगामाचं. त्या दिवशी ताजे वास असतात ते हायसिंथच्या फुलांचे आणि ताटलीत उगवलेल्या गव्हाच्या अंकुरांचे.

हायसिंथचा खरा अर्क दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे तो रचावाच लागतो. कणा फिनाइल अ‍ॅसिटाल्डिहाइडचा: हिरवा, मधाळ, नाकात घुसणारा. शुद्ध स्वरूपात ठेवला तर तो हळूहळू घट्ट होतो, म्हणून बेंझिल अल्कोहोलमधलं ५०% द्रावण घेतलं आणि वजन करताना त्याचंही १% द्रावण करून वापरतो. त्वचेवर लावायचं असेल तर इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची मर्यादा आधी तपासा. भरावाला फिनाइल एथिल अल्कोहोल, उबेला सिनॅमिल अल्कोहोल, आणि जड, प्राणिज छटेचा इंडोल अगदी नावापुरता.

एवढ्यावर फूल छान उभं राहिलं, पण ते फुलदाणीतलं वाटत होतं. नौरोजला हायसिंथ बरेचदा कंदासकट कुंडीत असतो; देठ आणि माती हवीच. इथे गॅल्बनम कामी आला. हिंग ज्या फेरुला प्रजातीतून मिळतो, तिच्यातल्याच एका इराणी झाडाचा हा डिंक. वास मटाराची कच्ची शेंग मोडल्यासारखा, आणि त्यामागे पायराझिन्स, म्हणजे तीव्र हिरव्या वासाची संयुगं, जी कणभरही पुरतात. १९४७ च्या 'व्हाँ व्हेर' या अत्तरात परफ्यूमर जर्मेन सेलिए यांनी तो भरपूर वापरला होता. मी ०.५% वर थांबलो. त्यापुढे फूल दबतं. आता ब्लॉटरवर (वास घेण्याच्या कागदी पट्टीवर) आधी देठ कळतो, मग फूल, आणि हा क्रम मला फार आवडतोय.

अंकुरांसाठी सिस-३-हेक्सेनॉल घालून पाहतोय. नुसता घातला तर कापलेलं गवत येतं, म्हणून सोबत मातीचा वास देणाऱ्या जिओस्मिनच्या ०.१% द्रावणाचा अंश. नेरोली, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल, मात्र इथे नाही. शिराझमध्ये कडू संत्र्याचा बहर एप्रिलचा, त्याला वेगळी बाटली करणार.