कसारा घाटाची फिल्म: संकलनाला एसएसडी, साठवणीला दोन हार्ड डिस्क

कसारा घाट चढणाऱ्या रेल्वेगाड्यांवर मी दोन कॅमेऱ्यांनी एक फिल्म करतो आहे, आणि मागच्या नोंदीनंतर तिचं काम बरंच पुढे सरकलं आहे. दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण एका टाइमलाइनवर जुळवून झालं, आणि ज्या साठवणीपायी सगळं अडलं होतं तिचीही घडी बसली. आजची नोंद फक्त साठवणीबद्दल. गाड्या चित्रित करणाऱ्या आपल्या मंडळींत कॅमेरा, लेन्स, माइक यांवर रात्र रात्र चर्चा होते. डिस्कचा विषय मात्र 'कुठलीही घे, चार-पाच टीबीची' इथेच संपतो.

तो तिथे संपू नये असं मला मनापासून वाटतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरची १५०० व्होल्ट डीसी वीज बंद होऊन एसी (प्रत्यावर्ती) वीज आली. २०२२ मध्ये डेक्कन क्वीनला एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचे, डबे लागले. त्याआधीचं चित्रण ज्यांनी केलं त्यांच्याकडेच ते आहे. आज कितीही भारी कॅमेरा घेऊन फलाटावर उभे राहिलात तरी ती गाडी येणार नाही.

आता मुद्द्याकडे. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मदतीची जादा, इंजिनं लागतात, १:३७ च्या चढावर ती गाडी ढकलत नेतात आणि इगतपुरीला सुटतात. माझा एक कॅमेरा गाडीच्या तोंडाकडे असतो, दुसरा, मित्राच्या हातातला, बँकरकडे. पुढच्या इंजिनाने जोर घेतला की मागून बँकरचा आवाज कसा चढतो, हे दाखवण्यातच सगळी गंमत, म्हणून दोन्ही फाइल्स संकलनात एकाच वेळी चालाव्या लागतात.

कागदावर हे काही अवघड नाही. फोरके चित्रण १०० मेगाबिटचं, म्हणजे आठने भागून सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचे २५ एमबी. साधी अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क रिकामी असताना सेकंदाला १२०-१३० एमबी सहज देते. मग टाइमलाइन अडखळते का? कारण हा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा आहे. दोन फाइल्स चालल्या की डिस्कच्या आतलं हेड एकीकडून दुसरीकडे उड्या मारत राहतं, आणि प्रत्येक उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. त्यातच रिझॉल्व्ह, म्हणजे माझं संकलनाचं सॉफ्टवेअर, त्याच डिस्कवर कॅश फाइल (चित्रणाची तात्पुरती, सहज चालणारी प्रत) लिहायला लागलं की हेडला तिसरीकडेही धावावं लागतं. शिवाय डिस्क भरत आली की लिहिणं आतल्या, लहान परिघाच्या ट्रॅकवर जातं, तिथला वेग बाहेरच्याच्या जवळपास निम्मा.

आणखी एक गोष्ट खोक्यावर सहसा छापलेली नसते. जास्त क्षमतेच्या अडीच इंची डिस्क बहुतेक एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) पद्धतीच्या असतात. त्यांत ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलं आधी हलवावी लागतात. तसंच इथे मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्या पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. एकदा सलग भरून ठेवायला अशी डिस्क उत्तम. रोज पुसापुशी, कॅश, रेंडर यांना ती अजिबात योग्य नाही.

म्हणून माझं मत ठाम झालं: संकलन आणि बॅकअप ही दोन कामं आहेत, ती एका डिस्कच्या गळ्यात घालू नयेत. संकलनाला २ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरती चकती आणि हेड नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क घेतली. १ टीबीत भागलं नसतं, कारण फोरके चित्रण प्रोरेस ४२२ या संकलनाला सोप्या पण जागा खाणाऱ्या प्रकारात कॅश केलं तर ३० फ्रेमला तासाला साधारण २६५ जीबी जागा जाते. बॅकअपला ५ टीबीच्या दोन साध्या अडीच इंची हार्ड डिस्क.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर. ग्रँट रोडला उतरून चालत गेलं की पाच-सहा दुकानांत भाव विचारता येतो, आणि खोकं हातात घेऊन वाचता येतं हे मला जास्त महत्त्वाचं. एका दुकानदाराने सेकंदाला २००० एमबीवाली एसएसडी पुढे केली, "साहेब, हिचा स्पीड डबल आहे." आहे खरा, पण तो यूएसबी ३.२ जेन २ बाय २ या २० गिगाबिटच्या पोर्टवर, आणि माझं मॅकबुक ती पद्धत चालवत नाही. तिथे ती १० गिगाबिटवर उतरते, म्हणजे सेकंदाला हजार एमबीच्या आसपास. मी सरळ जेन २ ची, म्हणजे १० गिगाबिटची, हजारवाली घेतली. रस्त्यावर मिळणाऱ्या '१६ टीबी' एसएसडीच्या वाटेला तर जाऊच नका. आत बहुतेकदा लहानसं मेमरी कार्ड असतं आणि खोटी क्षमता दाखवणारं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर). विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफ३ हे क्षमता तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं की खरं काय ते कळतं.

घरी आल्यावर आधी केबल तपासा. लॅपटॉपच्या चार्जरबरोबर येणारी टाइप-सी केबल दिसायला तशीच, पण डेटासाठी बहुधा यूएसबी २ ची असते. तिच्यावर हजारवाली एसएसडीही ४० एमबीच्या वर जात नाही. मॅकच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली डिस्कच्या नावापुढे १० गिगाबिट दिसायला हवं. ४८० मेगाबिट दिसलं तर केबल बदला. मी एसएसडीबरोबर आलेल्या आखूड केबलला पिवळी टेप गुंडाळली आहे, म्हणजे ती चार्जिंगला कोणी उचलत नाही.

मग सलग लिहिण्याची चाचणी. दोन मिनिटांची स्पीड टेस्ट पुरेशी नाही, कारण एसएसडी सुरुवातीचा डेटा स्वतःच्या आतल्या वेगवान तात्पुरत्या जागेत, तिच्या कॅशमध्ये, घेते आणि ती भरली की खरा वेग उघडा पडतो. मी जुन्या चित्रणाचं मोठं फोल्डर एका दमात ओतलं. सुरुवातीला सेकंदाला ९०० एमबीच्या आसपास, दीडेकशे जीबी उतरल्यावर ४०० च्या घरात. चारशे म्हणजे माझ्या कामाला भरपूर. स्वस्तातल्या क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडी मात्र अशा वेळी हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतात, तेव्हा घेण्याआधी सलग लेखनाचा आलेख नक्की पाहा.

मग बॅकअपही एसएसडीवरच का नाही? एक तर टीबीमागचा भाव. दुसरं म्हणजे एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली की तो हळूहळू झिरपतो. कपाटात ठेवायला हार्ड डिस्कच बरी. मोठी साडेतीन इंची डिस्क मी टाळली, कारण तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि माझ्या दोनपैकी एक डिस्क प्रवास करणारी आहे.

ती राहते नाशिकला, ताईकडे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगावा लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या रात्री तळमजल्यावरच्या किती घरांतले अल्बम आणि कॅसेटी गेल्या, हे कुर्ला-कालिन्याच्या लोकांना विचारा. दोन्ही प्रती एकाच कपाटात असतील तर पाण्याच्या दृष्टीने ती एकच प्रत. घाटात चित्रणाला जातो तेव्हा पुढे नाशिकपर्यंत जाऊन डिस्क बदलून आणतो. ताईने तिच्यासाठी सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा ठेवला आहे. मुंबईत दमट हवा लेन्सला बुरशी लावते, तेव्हा माझ्याकडची डिस्कही तशाच डब्यात आहे.

कॉपी करताना मॅकच्या फाइंडरमधून फाइल्स ओढणं मी बंद केलं आहे. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे. ते कार्डावरचं सगळं जसंच्या तसं उतरवून चेकसमने, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला आकडा दोन्हीकडे जुळवून, पडताळतं. वेळ जास्त लागतो. पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हा नियम मित्रानेही मान्य केला आहे. संपलेल्या फिल्मचं मूळ चित्रण एसएसडीवरून पुसलं की दोनच प्रती उरतात, म्हणून निवडक शॉट आता क्लाउडवरही ठेवतो. यूट्यूबवर चढवलेली फिल्म मी प्रत म्हणून धरत नाही. तिथे ती नव्याने कॉम्प्रेस होते, म्हणजे चित्राचा दर्जा घटतो.

पुढचं काम मित्राच्या मिनी डीव्ही टेपांचं, म्हणजे जुन्या कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल कॅसेटींचं. त्यांत डीसी काळातल्या लोकल आहेत, कुर्ल्याच्या पुलावरून घेतलेल्या. एका तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे जागेचा प्रश्नच नाही. अडचण आहे ती या टेपा उतरवायला लागणारं फायरवायर हे जुनं पोर्ट असलेला संगणक आणि चालू स्थितीतला कॅमकॉर्डर मिळवण्याची. मुलुंड ते कल्याण पट्ट्यात कोणाकडे असेल तर कळवा. टेपा घेऊन मी तुमच्याकडे येईन आणि उतरवलेल्या सगळ्याची एक प्रत तुमच्याकडेही ठेवीन.